डावीकडचे दिवे

८ नोव्हेंबर १९९१, शुक्रवार
माया भाऊबीज आटोपून आज रावेरला, सासरी. स्टँडवर सोडायला गाडी काढली. वळताना नेहमीप्रमाणे माझा हात खिडकीबाहेर. म्हणाली, "आप्पा, अजून हातच? सलीमकाकांना बोलवा की." सौ. दुसरीकडे बघत बसली. मी हॉर्न वाजवला, समोर कोणी नसताना.
अडीच वर्षं झाली. सलीमची आठवण येते. लिहायला कसली लाज.

१० नोव्हें., रवि.
शाळेला सुट्टी. मनावर घेतलं. डावीकडचं बटण ओढलं, तर पुढचा दिवा मिणमिणतो, मागचा मेल्यातच जमा. ब्रेकवर पाय ठेवला की दोन्ही गप्प. चारही एकदम लावले तर अर्धवट पेटून तसेच राहतात, उघडझाप नाही.
सदुसष्टची गाडी. चारही एकदम लागायची सोय तिला मुळात नव्हती. सलीमने स्टिअरिंगखाली स्वतः बटण बसवलं. 'धोका बत्ती' म्हणायचा. तिसरीत आम्ही एका बाकावर. पुढे तो गाड्यांच्या वायरिंगमध्ये शिरला, मी मास्तर झालो.
दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायची नाही, ठरवलंय. सौ. म्हणाली, "माणसाला हाकललंत, आणि वायरी जपताय." खरं होतं. चहा मागितला.

११ नोव्हें., सोम.
नवे बल्ब. नवा फ्लॅशर, म्हणजे ती टिकटिक करणारी डबी. फ्यूज घासून पुसून. फरक शून्य. दरवर्षी सातवीला शिकवतो, परिपथ पूर्ण झाला तरच दिवा लागतो. पोरांनी आज मला पाहायला हवं होतं.
डॅशबोर्डखाली डोकं घातलं. सगळ्या वायरी लाल. तेव्हा त्याला लाल रीळ मिळालं, म्हणून अख्खी गाडी लाल. मी कुरकुरलो होतो, उद्या कोणाला काय कळणार? तर म्हणाला, "मला माहीतेय ना कुठली कुठे जाते. मी कुठे चाललोय?"
बॅटरी विझवून बाहेर आलो.
शेजारचे नाना कुंपणावरून, "काय करी ऱ्हायना मास्तर? बठ्ठा दिवा काढी टाकात का?" हो म्हटलं, सगळे दिवे. "सलीमनी याद येस ना? मंग जाय ना धुयाले!"
म्हाताऱ्याला काय, धुळ्याला जा म्हणायला सोपं.

१३ नोव्हें., बुध.
आज गाडीला हात लावला नाही. त्या दिवसाबद्दल कधी लिहिलं नाही, लिहून टाकतो.
मायाच्या लग्नाचा दिवस. स्टेशनवरून व्याह्यांना घेऊन मी कार्यालयाकडे डावीकडे वळलो. इंडिकेटर दिला होता, पण तो लागलाच नाही. मागून ट्रक. डावा मडगार्ड चेपला, दिवा निखळून लोंबत राहिला. माणसं सुखरूप. व्याही घाबरून पांढरे पडलेले. सलीम मांडवातून धावत आला, खाली वाकून दिवा बघायला लागला. आणि मी, शंभर लोकांसमोर, "असली कामं करून लोकांचे जीव घेशील एक दिवस!"
तो उठला. हात पुसले. न जेवता गेला. मायासाठी आणलेली साडी नंतर कोणाबरोबर तरी पाठवली. महिन्याभरात इथलं दुकान बंद करून धुळ्याला मेहुण्याच्या गॅरेजात.
मी गेलो नाही. आधी राग म्हणून. मग वेळ नाही म्हणून. मग कुठल्या तोंडाने म्हणून.
भरिताचे दिवस आलेत. शेतात वांगी भाजायची ती त्यानेच. मला आच कळत नाही.

१४ नोव्हें., गुरु.
सापडलं.
बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर नुसती मागच्या दिव्याच्या पत्र्याला टेकवली. लख्ख! टिकटिक सुरू. म्हणजे करंट येत होता, परत जायला वाट नव्हती. दिवा खोलला, अपघातानंतर मीच परत बसवलेला. स्क्रूच्या भोकाभोवती जाड क्रीम रंग. दिवा बॉडीला टेकतो तिथेही रंग. सलीमने ती जागा घासून चकचकीत केलेली असायची, बॉडीचा अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, नीट मिळावी म्हणून.
रंग मीच लावून घेतला. लग्नाआधी आठ दिवस, गाडी व्याह्यांसमोर झोकात दिसावी म्हणून. पेंटरला बजावलं होतं, एक कोपरा सोडू नकोस. त्याने सोडला नाही.
सलीम तेव्हा म्हणाला होता, "रंगवलीस, आता एकदा दिवे बघू दे मला." मी म्हणालो, लग्नघर आहे, वेळ कुठाय.
त्याचं काम चोख होतं. चूक माझी होती. हे त्याला सांगायला हवं. बाकी काही नाही झालं तरी चालेल. नाही, चालणार नाही.

१५ नोव्हें., शुक्र.
बाकीचे तीन दिवेही खोलले, सगळीकडे तोच रंग. घासला. अर्थला एकेक जादा वायर. धोका बत्ती चारी कोपऱ्यांत झकास. सौ. टाळ्या वाजवून हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "रविवारी जाऊन या. मी येत नाही, तुम्ही एकटेच जा."

१७ नोव्हें., रवि.
धुळे. पारोळ्यापासून वाक्य घोकत होतो.
गॅरेज महामार्गालगत. दाढी पांढरी झालीय त्याची. मला पाहून उठला नाही, बसही म्हणाला नाही. मेहुण्याने स्टूल दिलं.
घोकलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "रंग होता रे. दिव्याखाली. माझीच चूक."
म्हणाला, "माहीतेय."
"कधीपासून?"
"त्याच दिवशी. दिवा लोंबत होता ना, बघितला मी."
"मग बोलला का नाहीस?"
हातातली वायर सोलत राहिला. म्हणाला, "तुझे व्याही उभे होते, मास्तर."
अडीच वर्षं हा माणूस माझी इज्जत सांभाळत इथे परक्या गॅरेजात बसला. रडलो, मेहुण्यासमोर. सलीमने रडू दिलं.
चहा आला. तो उठून गाडीपाशी गेला, वाकून माझी एक वायर ओढून बघितली. "पातळ घेतलीस. तापेल." आतून जाड आणली, लाल. चारही ठिकाणी बदलली. मी स्क्रू धरून उभा. कामापुरतं बोलणं.
निघताना विचारलं, "येशील ना घरी?"
तो धोका बत्तीचं बटण दाबून मागे जाऊन उभा राहिला. "डावा बरोबर आहे. उजवा पण. जा आता, उजेडात पोचशील."
येतो म्हणाला नाही. येत नाही, असंही म्हणाला नाही. सौ.ने विचारलं काय झालं, तर तिला धोका बत्ती लावून दाखवली.