पुलावर थांबल्या थांबल्या

गाडी पुलाच्या मधोमध पुन्हा बंद पडली आहे आणि मी स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितो आहे. तीर्थरूप काका, साष्टांग नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? आम्ही सगळे ठीक आहोत, फक्त हलत नाही आहोत. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही ऐकत नाही, बोलता.

उद्या सकाळी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तुमच्या थोरल्या भावाला तुम्ही ओळखताच. ‘मी घेतलेली गाडी दारात असताना टॅक्सीत बसणार नाही,’ म्हणतात. हिचं म्हणणं, उद्या गाडी वाटेत थांबली तर बाबांचा नंबर जाईल, आणि परवा भंगारवाला दारात उभा असेल. म्हणून आज रंगीत तालीम. ही शेजारी पर्स मांडीवर घेऊन परीक्षकासारखी बसली आहे. बाबा काच खाली करून येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगताहेत की काही झालेलं नाही, नदी बघतोय. (धुक्यात नदी दिसत नाही.)

सुरू झाली. पुढचं नंतर.

सिग्नलच्या पुढे पुन्हा थांबली, म्हणून लिहितो. आठवडाभर मी मेकॅनिककडे खेटे घालतो आहे. त्याच्या दारात पोचेपर्यंत गाडी गुणी मुलीसारखी वागायला लागते. त्यानं प्लग बदलले, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप उघडून पाहिला आणि शेवटी मला विचारलं, ‘साहेब, झोप नीट लागते ना?’ पण मी सोडणाऱ्यांतला नाही (हा गुण आपल्या घराण्यातला आहे, माझ्या बाबतीत तुम्ही त्याला डोकं फिरणं म्हणता). आत्ता इंजिन बंद पडताक्षणी उडी मारून उतरलो, एअर फिल्टर काढला आणि कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारला. आत पांढराशुभ्र बर्फ! पेट्रोलची वाफ होताना तिथे गारठा धरतो, त्यात ही ओली थंड हवा. बाष्प गोठतं आणि गाडीचा श्वास कोंडतो. थोडं थांबलं की इंजिनाच्या उबेनं तोच बर्फ वितळतो आणि पुरावा नाहीसा. हिला हाक मारली. पर्ससकट उतरली, वाकून बघितलं. ‘मागच्या उन्हाळ्यात फ्रीज बिघडला होता, तेव्हा कळलं असतं तर!’ एवढंच म्हणाली. पण बघितलं.

आता घराच्या फाटकात अडकलो आहोत. शेवटी बाबा बोलले. अशा हवेसाठी या गाडीत म्हणे एक पत्र्याची नळी असते. तापलेल्या एक्झॉस्टजवळची ऊबदार हवा ती फिल्टरपर्यंत नेते. म्हटलं, आपल्या गाडीत नाही.

‘नाही कशी? उन्हाळ्यात तुझ्या काकानं काढली. इंजिनाला मोकळी हवा खाऊ दे, म्हणाला.’

‘बाबा, मग आठवडाभर बोलला का नाहीत?’

‘तू मला कुठे विचारलंस? तू मेकॅनिकला विचारत होतास.’

काकूंना नमस्कार सांगा. दोघंही थंडीत जपा.

तुमचा, सध्या फाटकात असलेला,
पुतण्या

ता. क. तुमच्या बाल्कनीतलं पाणी ज्या वाकड्या नळीतून खाली जातं, ती हीच. पत्र घेऊन येणाऱ्या सूनबाईच्या हाती ती द्यावी, ही विनंती. स्क्रू ड्रायव्हर तिच्या पर्समध्ये आहे.

पुन्हा ता. क. पत्र द्यायचं तिच्याकडून राहूनच गेलं. तुम्ही फोनवर बोलत होता, काकू चहा करत होत्या, तेवढ्यात तिनं बाल्कनीत जाऊन काम उरकलं. म्हणून पत्र पोस्टानं पाठवतो. ते मिळेपर्यंत बाल्कनी धुतली असल्यास खालच्या बिऱ्हाडाची माफी मागावी.

आज सकाळी धुकं कालच्याहून दाट होतं. बाबा वेळेवर आत गेले. गाडी वाटेत कुठेच थांबली नाही, त्यामुळे याहून जास्त लिहून झालं नाही.