ओटीचा नारळ आणि दहा मिनिटांचं आकाश

श्री तुळजाभवानी प्रसन्न

राजाजीनगर, बेंगळूरु
मंगळवार

तीर्थस्वरूप विश्वासराव अण्णांच्या चरणी हंबीररावाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर ताब्यात आहे ना? आनेकलच्या तुमच्या नारळांना उंदीर लागले होते, ते गेले का? इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहायला घेतलं. पण तसं काही नाही. तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको मालन, येत्या रविवारी अंतराळात जायला निघाली आहे. (आधी पाणी प्या. मीही प्यायलो.)

झालं असं की माझी पुतणी दिव्यश्री महादेवपुऱ्यात ज्या कंपनीत आहे, ती कंपनी हौशी माणसांना रॉकेटात बसवून वर नेते आणि दहाएक मिनिटांत खाली आणते. तिकिटाचा आकडा ऐकून राजेरजवाड्यांना घाम फुटावा. पण पहिल्याच फेरीत त्यांनी एक जागा नोकरदारांच्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठी फुकट ठेवली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि नाव निघालं ते मालनचं. हिला जन्मात कधी हळदीकुंकवाच्या सोडतीत साधा चमचा लागला नव्हता. लागलं ते एकदम हे.

त्यात त्याच संध्याकाळी आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात माझं भाषण होतं, ‘अंतराळ पर्यटन: वर की शाप’. मी कडाडून विरोधात बोललो. म्हटलं, प्रवास म्हणजे कुठंतरी पोचणं. वर ना देऊळ, ना पाहुणे, ना चहा. खाली बोअरवेल आटल्यात, बायका टँकरची वाट बघत उभ्या, आणि श्रीमंतांच्या हौसेचा धूर ढगांच्याही वर. टाळ्या पडल्या, शाल मिळाली. ती खांद्यावर टाकून घरी आलो तर मालन भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, माझं नाव निघालं." दुसऱ्या दिवशी अध्यक्ष योगीराज घरी येऊन तीच शाल परत घेऊन गेले, हिच्या सत्कारासाठी. (मंडळाचं बजेट स्वल्पच असतं.) माझं मत अजून तेच आहे, फक्त आता ते हळू आवाजात मांडतो.

परवा तिची तपासणी झाली. एका मोठ्या डब्यात माणसाला बसवून गरगर फिरवतात, सोसतं का बघायला. तिचं मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून माझ्या ओंजळीत दिली आणि दार लावून घेतलं. अण्णा, बायकोचं मंगळसूत्र हातात धरून बंद दाराबाहेर बसायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. आतली घरघर थांबली, आणि दार काही उघडेना. वॉचमन सारखा "येनू आगल्ला सार" म्हणत होता, काही होत नाही म्हणून. पण त्याची बायको आत नव्हती. शेवटी मी दारावर धडका मारल्या. उघडलं तर ही आतल्या डॉक्टरीणबाईंना मेथीच्या लाडवांची कृती सांगत बसलेली. ती पास झाली. माझा रक्तदाब बघून मलाच तासभर आडवं केलं.

मग कागद आला. त्यात लिहिलंय, प्रवासी परत न आल्यास कंपनी जबाबदार नाही. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आणि तिनं सही केली. आमच्या संसारात कामांची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे.

आता एकच गोष्ट अडलीय. माहेरची ओटी भरल्याशिवाय लांबच्या प्रवासाला पाऊल उचलणार नाही, असं तिनं कंपनीला ठणकावून सांगितलं. ते घाबरले. वर गेल्यावर तांदूळ सुटले तर यंत्रात शिरतील, नारळ सुटला तर कुणाचं डोकं फुटेल सांगता येत नाही. दिव्यश्रीनं मध्ये पडून तोड काढली: ओटी घरीच भरायची आणि नारळ माझ्याजवळ ठेवायचा. म्हणजे ही वर, आणि मी खाली नारळ धरून. मी आपलं इथल्यासारखं "सरी", म्हणजे बरं, म्हणालो, दुसरं काय म्हणणार? ओटी भरायला शुक्रवारी तुम्ही उभयता येणार, असं ती सगळ्या गल्लीला सांगत सुटली आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपावं.

तुमचा,
हंबीरराव

ता. क. फोनच केला असता, पण तुम्ही स्पीकर लावता आणि वहिनी ऐकलेलं सगळं मालनला कळवतात. मुद्दा असा की शुक्रवारी येऊ नका. गुडघा धरलाय म्हणा. (धरलेला असतोच, खोटं काही नाही.) माहेरची ओटी नाही तर ती जाणार नाही, माझं तर ती कधीच ऐकत नाही. अण्णा, मला फार भीती वाटते. तिच्याशिवायचं घर मला दहा मिनिटंसुद्धा नको.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तेवढ्यात मालन चहा घेऊन आली. न राहवून विचारलं, "खरं सांग, कशाला जातेस गं?" म्हणाली, "तिथं प्रत्येकाला खिडकी असते." म्हटलं, खिडक्या काय आपल्या घरात नाहीत? तर म्हणाली, "लग्न झाल्यापासून बसमध्ये खिडकी तुमची. तुम्हाला मळमळतं. मी आपली तुमचं डोकं धरून बसायची. म्हैसूर झालं, कोल्हापूर झालं, तुळजापूर झालं. वाटेत काय होतं, मी काही बघितलंच नाही." रागानं नाही हं बोलली. साखर पुरेशी आहे का विचारावं, तशी बोलली, आणि कप घेऊन आत गेली.

तेव्हा शुक्रवारी या. पहिला ता. क. रद्द समजा. नारळ लहानसा, सोललेला, शेंडीचा आणा; धरून मला बसायचंय. आणि तुमच्या झाडाची लिंबं आणा, जरा जास्तच आणा. शनिवारी रॉकेट सुटतं त्या समुद्रकाठापर्यंत दिवसभर बसनं जायचंय, आणि खिडकीजवळ ती बसणार आहे.