तुम्ही ठरवाल ते

३ फेब्रुवारी

फोटोवाल्याने ग्रुप काढला. तो, मी, माझा होणारा नवरा परमेश्वर आणि परमेश्वरची मोठी बहीण बेबीताई. फोटोंची तारीख ठरली — सोळा, रविवार. पहिलाच मेसेज: ‘प्री-वेडिंगसाठी मनात काय आहे ते मोकळेपणाने लिहा. जागा, कपडे, काहीही.’

माझ्या मनात एकच. आई-दादांच्या मेंढरांत उभं राहून फोटो! मेंढरांमागे चालत मोठी झाले, त्यांच्या लोकरीच्या घोंगडीत झोपले, त्यांच्याच जिवावर बी.एस्सी. झाले. लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. परमेश्वर जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत. त्यांच्या घरची मेंढरं कधीच गेली. बेबीताई तर संभाजीनगरची. नाकाला रुमाल लावतील.

शेवटी पाठवलं — ‘तुम्ही ठरवाल ते.’ पुढे दोन हसरी तोंडं.

५ फेब्रुवारी

दादांना मात्र फोनवर सांगून टाकलं. ते कळप घेऊन जाफराबादकडे आहेत. आधी हसतच सुटले. "मेंढरायचा फोटू? लगीन तुहं हाय का त्यायचं?" मग म्हणाले, "सोळाला आनतो आपल्या गावच्या माळावर. कातरनी तवर थांबवतो. लोकर भरली म्हंजी कशी गुबगुबीत दिसत्यात! पन जल्दी काढू पोरी, पुढचं काय सांगावं."

चाऱ्याचं म्हणत असतील. केवढे खूश होते!

आता परमेश्वरला सांगायचं तेवढं राहिलं.

९ फेब्रुवारी

बेबीताईने सगळं ठरवलंसुद्धा. संभाजीनगरजवळचं रिसॉर्ट. लाल गाऊन, मागे हे एवढं शेपूट. रंगीत धूर. उघडी गाडी. "अंजू, आवडलं ना? बिलकुल लाजू नको, मनातलं सांग."

मी अंगठा पाठवला. अंगठा!

१२ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी

दादांचा फोन लागत नाही.

खोटं. वहीत तरी कशाला? लावलाच नाही. काय सांगू त्यांना — तुमची मेंढरं चालत नाहीत म्हणून? कुणी तसं म्हटलेलंही नाही. मीच म्हटलंय, मनातल्या मनात, सगळ्यांच्या वतीने.

१६ फेब्रुवारी

झालं एकदाचं. गाऊन सैल होता, मागून चिमटे लावले. पुढून महाराणी, मागून वाळत घातलेलं धुणं! "मॅडम, मान वर. मॅडम, लांब कुठंतरी बघा." बघितलं. परमेश्वरही अवघडलेलाच होता. गॉगल सारखा काढत होता.

मधे पर्स उघडली तर दादांचे कॉल. एक नाही, बरेच. परत पर्स बंद केली.

संध्याकाळी फोन केला. "दादा, जागा बदलली, सांगायचं राहून..."

"आसं व्हय. काही न्हाई. मीच तारीख इसरलो आसंन. जेवलीस का?"

चिडायचं तरी होतं त्यांनी. दोन शिव्या द्यायच्या. विसरले म्हणे! पाच तारखेपासून बोटावर मोजत असतील.

१७ फेब्रुवारी

आईने मात्र सोडलं नाही. जालन्यातल्या या खोलीवर बसून फोनवर सगळं ऐकलं. "वढ्यावर एकेक मेंढरू धुतलं तुह्या बापानं. नवा पटका बांधून दिसभर माळावर हुभा. मी पाहुन्यासाठी पुरन घातल्तं. त्याला म्हनलं, दोन घास खाय. तर म्हने, पोरगी आल्यावर खाऊ."

माझं चुकलं. साफ चुकलं. एक वाक्य लिहायचं होतं ग्रुपवर.

२० फेब्रुवारी

आज परमेश्वर भेटायला आला. त्याला सगळं सांगितलं, धुतलेल्या मेंढरांपासून पुरणापर्यंत. उठून खिडकीपाशी गेला. मला वाटलं, संपलं.

मग म्हणाला, "आमची मेंढरं इकली तवा मी बारावीला होतो. फोटो काढायचा राह्यला. अजून मनात हाय ते. मला वाटलं तू शिकलेली, तुला लाज वाटंल. म्हनून ताईला म्हनलं, काहीतरी भारी कर."

"मला विचारायचं ना!"

"तू तरी कुठं सांगितलं?"

खरंच की. दोघंही एकमेकांना शोभतील असे शहाणे! हसू आलं, रडूही आलं. रविवारी जायचं ठरलं. फोटोवाला नको, धूर नको. याचा मोबाइल बस. दादांना, आईला काहीच कळवायचं नाही. एकदम जाऊन उभं राहायचं!

२३ फेब्रुवारी

दादा घरीच होते. भर दिवसा, ओट्यावर बसलेले. काठी कोपऱ्यात.

"मेंढरं कुठंयत?"

"मंगळवारी इकली, पोरी. गुडघे चालून न्हाई राह्यले आता. गिऱ्हाईक दिवाळीपासून मागं लागल्तं. तुहा फोटू व्हायचा म्हनून थांबवल्तं."

परमेश्वरने मोबाइल खिशात ठेवला आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसला. मी दारातच उभी राहिले.