चार पॅडना लावलेलं कुंकू

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज विचारायचं आहे ते ब्रेकबद्दल. घरात दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नाही, आणि जिला कळतं तिला विचारायला मला तोंड नाही.

तुमची नात पुण्याला नोकरी करते. तिनं शर्यतीसारखी पळणारी गाडी घेतली आहे, सुट्टीला ट्रॅकवर नेऊन घड्याळ लावून पळवते. दसऱ्याला हिंगोलीला आली ती डिकीत पुढच्या दोन चाकांच्या नव्या ब्रेकची खोकी घेऊन. म्हणे, इथंच अंगणात माझ्या हातानं बसवते. मी म्हटलं, "गाडी तर चांगली थांबते, मग नवे ब्रेक काहून?" तर म्हणाली, "एकदा थांबते गं आई, दहाव्यांदा थांबत नाही. ब्रेक तापले की पाय दाबला तरी पुढंच जाते." ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकामागची लोखंडी तबकडी, मोठी असली की उष्णता पसरते, लवकर निवते, असं तिनं सांगितलं. परातीत पसरलेल्या भातासारखं, मी म्हटलं. "बराबर," म्हणाली. मला फार बरं वाटलं. तुम्ही एसटीच्या डेपोत जन्मभर बसचे ब्रेक केले, मग हे मी तुम्हाला कधी कसं विचारलं नाही? घाट उतरून आलेल्या बसच्या चाकांतले ब्रेकचे ड्रम किती वेळ गरम राहायचे हो?

खंडेनवमीला मी विळी, कात्री, तिचे पाने देवापुढं मांडले. सोबत ती खोकीही उघडून ठेवली. डिस्क लखलखीत, ताटाएवढ्या. पॅड मात्र काळे, खरबरीत, त्यांच्यावर कोरडं कुंकू ठरेना. म्हणून निरांजनातल्या तुपात बोट बुडवून चारही पॅडना कुंकू लावलं, आणि पूजा झाल्यावर फडक्यानं पुसून खोक्यात ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी मी पुरण वाटत होते. ती चहा घेत उंबऱ्यात बसली आणि हाताची चिमूट करून सांगू लागली, की डिस्क फिरते आणि पॅड तिला दोन्हीकडून असे धरतात.

"म्हणजे आबा बसच्या ब्रेकला बसवायचे ते लायनरच की," मी म्हटलं.

"तेच. आबांचे ड्रमच्या आत असायचे, एवढाच फरक." कप ठेवून ती अंगणात गेली.

मग तो दिवस डोळ्यांपुढं आला: मी सातवीत आहे. तुमचा डबा घेऊन डेपोत आले आहे, चटणीचं तेल बोटांवर ओघळलंय, आणि त्याच हातानं मी नवं लायनर चाचपून बघते. तुम्ही हातावर चापट मारता. "तेलाचा हात लावून राहिली का पोरी? तेल लागलं की ते धरत न्हाई, घसरतं. पन्नास माणसं बसतेत बशीत." मी घरापर्यंत रडत गेले होते.

अंगणात जाऊन तिला सांगितलं. तिनं पाना खाली ठेवला.

"तूप? चारीला?"

"सोड्यानं धुऊन देऊ का?"

"पॅड तूप पितात, आई. तापलं की वर येतं. शंभरच्या वेगात आलं तर मी थांबणार कशानं?" मग हळूच म्हणाली, "रविवारचा ट्रॅक गेला माझा."

नवे पॅड मागवावे लागणार होते, म्हणून तिनं सगळे जुने ब्रेक परत चढवले. जेवताना जरा निवळली. "ब्रेकला नैवेद्य दाखवणारी तू एकटीच असशील," म्हणाली आणि दुसरी पोळी मागून घेतली. काल पुण्याला परत गेली.

हे मी हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहून राहिले आहे, आणि इथंच राहू द्यायचं आहे. तिला वाटतं, मला आठवलं तशी मी धावत आले. आबा, ती उंबऱ्यात बसली होती तेव्हाच मला आठवलं होतं. आधी वाटलं, देवापुढचं तूप आहे, त्यानं काय होतंय. मग वाटलं, एवढे महागाचे पॅड. सगळं पुरण वाटून होईस्तोवर मी गप्प बसले. उठले तेव्हा त्या पॅडसकट तिचं एक चाक बसवून झालं होतं.