लशीच्या वेळी धरलेला हात

शिल्पाश्री,

हे पाठवणार नाहीये, म्हणून 'प्रिय' नाही लिहिलं तरी चालेल.

अवधूत आधी माझा नवरा होता, आता तुझा आहे. त्याचं मला काही नाही. पण मी व्हाइटफील्डला बंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये अडकले आणि माझ्या बारा वर्षांच्या गार्गीनं एचपीव्हीची लस घेताना तुझा हात धरला, हे सलतंय. घरी येऊन मलाच शिकवते, "गर्भाशयमुखाचा कॅन्सर टळावा म्हणून ही लस लहानपणीच घ्यायची. मुलग्यांनाही देतात. स्वल्प दुखतं, शिल्पाक्का म्हणाली." वर विचारते, "आई, तुझी तपासणी झालीय का गं?"

झाली नव्हती. शनिवारी जातेय. सोबतीला कोण, असा विचार करताना पहिलं तुझंच नाव आठवलं, याचाच जास्त राग येतोय.

गार्गीची सख्खी आई,
आसावरी