न बोलावलेल्या परीची खुर्ची

मी, जिला या गल्लीतली मुले आणि आता त्यांचे आईबापही परीबाई म्हणतात, वय एकाहत्तर, गुडघे सोडून बाकी सगळे जागेवर आणि डोके पूर्ण ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करीत आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की पुढच्या वर्षीच्या नाटकाच्या प्रयोगाचा भरवसा धरू नका. वकिलांनी मसुदा दिला होता, त्यात सगळे होते, फक्त मी कुठे दिसत नव्हते. म्हणून कलमे त्यांची ठेवली आहेत आणि वाक्ये माझी घातली आहेत.

कलम १. राहते घर माझ्या पुतण्याला. यजमान गेल्यावर त्यानेच माझे सगळे पाहिले, आणि आमच्या बालनाट्याचे दिवेही तोच सांभाळतो. घराचे त्याने काहीही करावे. फक्त स्वयंपाकघराचे दार पियानो आत घेण्यासाठी रुंद केलेले आहे, ते पुन्हा लहान करू नये. पियानो स्वयंपाकघरात कशाला, असे त्याची बायको विचारते. ते कलम ४ मध्ये येईल.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा. रडारड बेताची असावी. उरेल त्यातून हॉलच्या रंगमंचाची करकरणारी फळी बदलावी. आमचा राजा दरवर्षी नेमका तिच्यावर उभा राहून बोलतो आणि मुले हसतात.

कलम ३. शिवणयंत्र शिंपीणबाईंना द्यायचे होते. मच्छरदाणीच्या कापडातून त्यांनी पऱ्यांचे असे पंख काढले की एका परीच्या आईने ते परत द्यायला साफ नकार दिला. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीची सही करायची नसते, असे वकील म्हणतात, आणि साक्षीला मला त्याच हव्यात. म्हणून यंत्र त्यांना आत्ताच देऊन टाकले आहे. बाई गुणाच्या, पण तोंडात तीळ भिजत नाही. त्यामुळे त्यांना फक्त सहीचा दिवस सांगितला आहे, आतला मजकूर नाही.

कलम ४. आमचे संगीत बालनाट्य. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मुलीच्या जन्माच्या सोहळ्याला राजा सगळ्या पऱ्यांना बोलावतो, एकीला विसरतो, ती चिडून शाप देते आणि अख्खा महाल शंभर वर्षे झोपतो. त्यावरून मी नाटक लिहिले आणि माझ्या धाकट्या बहिणीने गाण्यांना चाली दिल्या. राजपुत्र आम्ही काढून टाकला, कारण झोपलेल्या मुलीची पापी घ्यायला आठ वर्षांचा एकही मुलगा राजी होईना. आमचा महाल आचाऱ्याच्या शिंकेने जागा होतो. शंभर वर्षांची धूळ असते.

न बोलावलेली परी म्हणजे धाकटी. तिचे काम मी माझ्या रीतीने बसवले. मुलांच्या तालमीला तिला कधीच बोलवायचे नाही. ती इथे स्वयंपाकघरात एकटी गायची, मी भाजी चिरता चिरता ऐकायची आणि चुकली की ओल्या हाताने पियानोवर सूर दाखवायची. प्रयोगाच्या दिवशी ती प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत, वाटेकडच्या खुर्चीवर, साध्या कपड्यात बसायची. सोहळा रंगात आला की उठून म्हणायची, "मला कुणी बोलावलंच नाही." दरवर्षी मुले नवी, त्यांनी तिला पाहिलेलेच नसायचे. मुले खरोखर दचकायची, आणि हॉलमध्ये जी शांतता पसरायची तिच्यासाठी मी वर्षभर राबत असे.

पुतण्या म्हणतो, "काकू, गाणी रेकॉर्ड करून ठेवू, परीला विंगेतून आणू. सोपं पडतं." सोपे पडते हे खरेच आहे. म्हणूनच नाटकाचे हक्क त्याला नाहीत. सर्व हक्क, पियानोसह, धाकटीला.

कलम ५. तिसऱ्या रांगेतली ती खुर्ची कोणालाही विकू नये. हॉलच्या व्यवस्थापकांनी एकदा ती आपल्या मेव्हण्याला दिली आणि धाकटीला दाराशी उभे राहून गावे लागले. व्यवस्थापकांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. त्यांची छत्री माझ्याकडे राहिली आहे, तीसुद्धा नाही.

कलम ६. नाटकाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा मी सगळ्यांना जेवण दिले. पुतण्याने आमंत्रणे तालमीच्या खोलीत हातोहात वाटली. तालमीला जी कधी यायचीच नाही, तिच्या हाती आमंत्रण पडले नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले, का आली नाहीस.

"बोलावलंस कुठे?"

"घरच्या माणसाला कुणी आमंत्रण देतं का?"

"घरची म्हणतेस आणि इतकी वर्षं बाहेर बसवून ठेवलीस. आता बोलावल्याशिवाय तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

तेव्हापासून ती आली नाही आणि मीही बोलावले नाही. तालमीची रीत बरोबरच होती, हे माझे मत आजही कायम आहे. पण तिच्या जागी तीन बायका येऊन गेल्या, एकीलाही मुले दचकली नाहीत, आणि स्वयंपाकघरातला मुका पियानो आता मला बघवत नाही. मला ती हवी आहे. जिवंतपणी बोलावणे माझ्याच्याने होत नाही. सबब हे कलम माझ्या माघारी वकिलांनी तिला वाचून दाखवावे आणि तिने तेच माझे आमंत्रण समजावे.

पुरवणी, माझ्या हाताने. वरील कलम ६ रद्द समजावे. आज सकाळी सह्यांसाठी बसलो असताना दार वाजले. शिंपीणबाई एकदम भिंतीकडे बघू लागल्या, तेव्हाच मी काय ते ओळखले. दारात धाकटी उभी होती. केस पार पिकले आहेत.

"मला कुणी बोलावलंच नाही," ती म्हणाली.

"वाक्य पाठ आहे अजून."

"चालही आहे. त्या तिघींनी तिची पार वाट लावली. दरवर्षी तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसते मी, सगळं ऐकलंय."

मला रडू आले. तिलाही आले. मग तिने नाक पुसून टेबलावरचे पेन उचलले आणि कुठे सही करू म्हणून विचारले. वकिलांनी पेन काढून घेतले, कारण तिला मिळणार आहे, तिची सही चालत नाही. म्हणून खालच्या सह्यांत ती नाही. ती पियानोपाशी बसली आहे आणि त्याचे सूर किती उतरलेत म्हणून मला बोलते आहे.

कलम ४ कायम. तालीम उद्यापासून इथेच, मी आहे तोवर मी ऐकेन. मुलांना यातले काही कळता कामा नये. हे शिंपीणबाईंना वेगळे बजावले आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: सहा ऑक्टोबर, सकाळी

सही: परीबाई

साक्षीदार:
१. शिंपीणबाई (सही)
२. डॉक्टर (सही). लिहून देणार पूर्ण शुद्धीवर आहेत. मजकूर त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला व मध्ये दोनदा बहिणीशी वाद घातला.