पलीकडची खूण

४ मार्च
पोहोचले एकदाची. खोली लहान आहे, पण खिडकी उघडली की तळं थेट अंगावर येतं. या वयात तळं पोहून जायचं म्हणते, म्हणून घरमालकीणबाईंनी असं पाहिलं, जणू मी झाडावरच चढणार आहे. मी म्हटलं, साठीला अजून अवकाश आहे. आमचे हे दरवर्षी हे तळं पार करायचे आणि मी टॉवेल धरून काठावर उभी. गेल्या वर्षी टॉवेल कोरडाच राहिला. हे सापडलेसुद्धा नाहीत. म्हणून वर्षभर पोहायला शिकले. ज्या काठासाठी ते मला सोडून जायचे, तो एकदा बघायचा आणि लेकीच्या बाळंतपणाआधी घरी परतायचं. तिला तसा शब्द दिलाय.

७ मार्च
स्विमिंग पूलच्या तळाशी काळी रेघ असते, तिच्यावरून निमूट जायचं. इथे खाली नुसता हिरवा अंधार. इथे पोहायला शिकवणारे मास्तर होडीतून सोबत येतात, यांच्याही सोबत तेच असायचे. ते म्हणाले, ताई, तुम्ही तर घाण्याचा बैल झालात. एकाच बाजूला श्वास घेते, म्हणून डावीकडे ओढली जाते. उपाय असा, की मधूनमधून डोळे पाण्यावर काढून पलीकडची खूण बघायची. आमची खूण म्हणजे तिथली पाण्याची टाकी. इथल्या पोहणाऱ्यांचा एक दंडक आहे, जिवंत खूण धरायची नाही. माणूस नको, गुरं नकोत. डोळे जिकडे, अंग तिकडे, आणि जिवंत वस्तू हलते. मला ते पटलं.

११ मार्च
आज टाकीपासून बरंच बाजूला कुणीतरी हात वर करून उभं होतं. एक खांदा खाली, मान जरा कललेली. इतकी वर्षं संसार केला, मला यांचं उभं राहणं ओळखू येतं. दंडक माहीत होता, पण इतकी माया दाटून आली की टाकी सोडली आणि यांच्याकडे बघत हात मारले. मास्तरांनी होडी आडवी घातली. म्हणाले, आज दोरी आखल्यासारख्या सरळ गेलात, पण भलतीकडे. तिकडे काठच नाही.

खोलीवर येऊन पोटभर रडले. भीती नाही वाटली, राग आला. वर्षभर कुठे होता, म्हणून.

१४ मार्च
पाण्यात उतरलेच नाही. कांदे आणायला निघाले. दुकानं उजव्या हाताला. चालता चालता पाय गार पडले, बघते तर धक्क्याच्या पायरीवर, घोट्यापर्यंत पाण्यात. हे आता काठावर नाहीत. तळ्याच्या मध्यात आहेत, कमरेपर्यंत पाण्यात. तिथे दहा पुरुष खोल पाणी आहे. हात अजून वरच.

१५ मार्च
मास्तरांना सांगितलं. त्यांनी वल्ही खाली ठेवली. मग म्हणाले, शेवटच्या दिवशी यांनीही टाकी सोडली होती. समोर माझी आई उभी आहे, म्हणत होते. सासूबाई तर कधीच्या गेलेल्या. मास्तर म्हणाले, आजच्या आज सामान बांधा. पण एकटी दाराबाहेर पडले की पाय कुठे वळतात ते— लेकीला फोन केला. न्यायला येते म्हणाली. सातवा महिना, येऊ नकोस म्हटलं. ऐकेल तर शपथ.

१६ मार्च
पडदा लावलाय. खिडकीकडे पाठ. घरमालकीणबाई बाहेरून कडी घालतात, मीच सांगितलंय. तरी पाय दाराशी जाऊन— कडी हलवून बघितली. दोनदा.

१७ मार्च, दुपार
लेक आली. बाहेरची कडी आता उघडीच. रागावली, मग गळ्यात पडली. सगळं सांगितलं तिला. वेड लागलंय म्हणाली, आणि मी नको म्हणेपर्यंत पडदा सारला—
आई, तो कोण हात वर करून, असं विचारलं. मग खिडकीपासून हलेना.
ओढला पडदा. ती जरा पडलीय. संध्याकाळच्या गाडीने दोघी—

डोळा लागला माझा. खाट रिकामी. दार सताड. चपला इथेच.

खिडकीतून दिसतेय, धक्क्यावर आहे. चाललीय. सरळ—
हाका मारल्या. मान वळवत नाही.
पोहता येत नाही तिला. पोटात ते लेकरू—
यांनी हात खाली केलेला नाही. अहो, ती आपली—

मला येतं. मला येतं आता सरळ. यांच्याकडे बघायचंच नाही, फक्त तिच्याकडे, तिच्या वेणीकडे, ती दिसतेय तोवर—